पोट दुखत नाही, मग रक्त गेलं कुठे?

एका मुलीने तिच्या आईबद्दल विचारलं आहे. आईचं वय ७६. गुडघ्यांसाठी दीड वर्ष डायक्लोफिनॅकची गोळी चालू आहे, रोज एक, जास्त दुखलं तर दोन. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन त्याच्याही आधीपासून. दुखण्याची गोळी त्या उपाशीपोटी कधीच घेत नाहीत आणि जळजळ वाटली तर पित्ताची गोळीही घेतात. पोटाची तक्रार म्हणाल तर काहीच नाही. महिन्यापूर्वी जिना चढताना दम लागायला लागला, हृदयाच्या तपासण्या झाल्या, त्या ठीक आल्या. पण हिमोग्लोबिन निघालं ८.१ आणि लोहाचा साठा तळाला. आता डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगताहेत. आई म्हणते, पोट दुखतच नाही तर घशातून नळी कशाला? आणि मुलगी विचारते, या वयात रक्त थोडं कमी असायचंच, लोहाच्या गोळ्या देऊन दोन-तीन महिने वाट पाहिली तर चालेल का?

वाट पाहू नका. नुसत्या वयाने हिमोग्लोबिन ८ वर येत नाही. 'वय झालं' हे कारण एकदा कागदावर लिहिलं की पुढचा शोधच थांबतो, आणि अशा थांबलेल्या शोधांचे परिणाम मी पुष्कळ पाहिले आहेत. या वयात लोह संपलंय याचा अर्थ बहुधा रक्त कुठून तरी जातंय. दिवसाला चमचा-दीड चमचा रक्त आतड्यात झिरपलं तर शौचाच्या रंगात काही कळत नाही, पण काही महिन्यांत शरीराची शिल्लक रिकामी होते. लोहाच्या गोळ्यांनी आकडा वर सरकेल, गळती तशीच राहील. त्यात लोहाने शौचाला काळा रंग येतो, म्हणजे ज्या खुणेवर नजर ठेवायची तीच पुसट होते. लोह द्यायचंच आहे, पण गळतीचा शोध त्यासाठी लांबवायचा नाही.

आता आईचा मुद्दा: दुखत नाही. मला तर नेमकी याचीच भीती वाटते. त्या जी गोळी घेताहेत ती वेदना मारणारी आहे, आणि ती गुडघ्याची वेदना निवडून मारत नाही. वयाबरोबर पोटाच्या आतली जाणीवही बोथट होते. या गोळ्यांमुळे मोठा रक्तस्राव होऊन भरती झालेल्या वयस्कर रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आधी पोटाचा काहीच त्रास झालेला नसतो. उलटंही तितकंच खरं: गोळीने छातीत जळजळ होते म्हणून हैराण झालेल्यांची दुर्बीण केली तर कित्येकदा अस्तर स्वच्छ दिसतं. जळजळ आणि जखम यांची या बाबतीत फारशी ओळख नाही.

जेवणानंतर गोळी घेण्याबद्दलही बोलायला हवं, कारण घरोघरी तोच एक नियम निष्ठेने पाळला जातो. समजूत अशी असते की गोळी जठरात पडते, अस्तराला चावते, म्हणून मध्ये अन्नाचा थर हवा. यात थोडं तथ्य आहे, पण मुख्य नुकसान त्या वाटेने होत नाही. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. १९८२ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. सांध्यात ही द्रव्यं सूज आणि दुखणं वाढवतात. जठरात मात्र तीच राखण करतात. तिथलं आम्ल किती जहाल असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापासून अस्तर वाचतं ते बुळबुळीत श्लेष्माच्या थरामुळे, त्या थरात मुरलेल्या बायकार्बोनेटमुळे, भरपूर रक्तपुरवठ्यामुळे आणि झिजलेल्या पेशींच्या जागी भराभर येणाऱ्या नव्या पेशींमुळे. या चारही गोष्टी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर चालतात. गुडघ्यातलं उत्पादन बंद कर आणि जठरातलं चालू ठेव, असं गोळीला सांगता येत नाही. ती रक्तातून सगळीकडे पोहोचते. म्हणून तेच औषध इंजेक्शनने घेतलं किंवा गुदद्वारातून घेतलं तरी अल्सर, म्हणजे अस्तरात व्रण, होऊ शकतो. आतड्यात जाऊन विरघळणारं वेष्टन असलेल्या अ‍ॅस्पिरिनने जळजळ कमी होते, रक्तस्राव कमी होत नाही. जेवणानंतर गोळी घेण्याचंही तसंच: घ्या जरूर, मळमळ कमी होईल, पण त्याला कवच समजू नका.

दुर्बिणीतून काय दिसतं ते सांगतो. जठराचा शेवटचा भाग, जिथून अन्न पुढे लहान आतड्यात उतरतं, तो निरोगी माणसात गुलाबी, ओलसर, चकचकीत असतो. दीड-दोन वर्षं या गोळ्या घेतलेल्या माणसात तिथे कधी टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके असतात, कधी उथळ ओरखडे, आणि कधी एक-दोन गोल खड्डे, तळाशी पांढरट साका, कडा नीट कापल्यासारख्या. एखाद्या खड्ड्याच्या तळाशी काळा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे तिथून अलीकडेच रक्त गेल्याची खूण. आणि ही सगळी दृश्यं अशा माणसांच्या पोटात, जी टेबलावर चढताना सांगत असतात, 'डॉक्टर, पोट अगदी उत्तम आहे.' नियमित गोळ्या घेणाऱ्या शंभरांची दुर्बीण केली तर १५ ते ३० जणांत अल्सर सापडतो. त्यातल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही हेही सांगायला हवं. रक्तस्राव किंवा जठराला छिद्र पडणं अशी गंभीर गुंतागुंत वर्षाला शंभरात एक-दोघांना होते. पण वय ७५ च्या पुढे, सोबत अ‍ॅस्पिरिन, शिवाय रक्त आधीच घटलेलं, अशा माणसाला सरसकट सरासरी लावायची नसते.

अ‍ॅस्पिरिनमुळे मामला दुहेरी होतो. डायक्लोफिनॅक अस्तर उघडं पाडतं आणि अ‍ॅस्पिरिन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कायमच्या निकामी करते. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, तेवढ्यात एकेक करून नव्या येतात; म्हणून एक दिवस अ‍ॅस्पिरिन चुकवून लगेच फरक पडत नाही. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, 'बेबी' म्हणतात ती, एकटीही रक्तस्राव करू शकते, मग जोडीला दुसरी वेदनाशामक आली की धोका चांगलाच चढतो. असेच आणखी साथीदार आहेत: प्लेटलेटना रोखणारं क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनसारखी औषधं, नैराश्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड आणि या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेणाऱ्या वयस्कर लोकांत अल्सरचा धोका दोन्हीही न घेणाऱ्यांच्या सुमारे १५ पट निघाला होता. तो अभ्यास १९९१ चा. स्टेरॉइडचा आणखी एक वात्रटपणा असा की छिद्र पडलं तरी पोट लाकडासारखं कडक होत नाही, दुखणंही मामुली राहतं. आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर रक्त जाऊनही नाडी वाढत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या शरीरातल्या धोक्याच्या घंटा अशा एकेक करून आपणच काढून ठेवलेल्या असतात.

म्हणून माझ्याकडे येताना गोळ्यांची यादी आणू नका, पिशवीच आणा, असं मी सांगतो. एका आजोबांची पिशवी मी टेबलावर उलटी केली होती. वेगवेगळ्या नावांच्या तीन पाकिटांत एकच औषध, अ‍ॅसिक्लोफिनॅक: एक हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक पाठीच्या दुखण्यासाठी शेजाऱ्यांनी सुचवलेलं, आणि एक 'सर्दीअंगदुखीचं', ज्यात हे औषध पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं होतं. आजोबांच्या हिशेबात ते एकच 'दुखण्याची' गोळी घेत होते. बाकीच्या दोन त्यांच्या लेखी वेदनाशामक नव्हत्याच. पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचा. नावाच्या शेवटी 'फिनॅक', 'प्रोफेन', 'ऑक्सिकॅम' असं काही दिसलं की घराणं एकच समजा. नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, किटोरोलॅक हेही त्यातलेच. सगळी सारखी नाहीत: किटोरोलॅक आणि पिरॉक्सिकॅम जठराला सर्वांत जड, कमी मात्रेतलं आयबुप्रोफेन त्यामानाने सौम्य. पण सौम्य म्हणजे निर्धोक असं मानून मात्रा वाढवली की तो फरक पुसला जातो. आयबुप्रोफेनची आणखी एक खोड अशी की अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतलं तर ते प्लेटलेटवरची तिची जागा अडवून बसतं आणि हृदयासाठी घेतलेली अ‍ॅस्पिरिन वाया जाते.

पित्ताची गोळी 'जळजळ वाटली तर' घेणं हा आराम झाला, संरक्षण नाही. अल्सर टाळायचा असेल तर पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलच्या जातीची गोळी रोज, सकाळी काही खाण्याच्या अर्धा तास आधी, आणि वेदनाशामक चालू असेपर्यंत सलग घ्यावी लागते. जठराचे आम्लाचे पंप अन्न आल्यावर जागे होतात आणि ही गोळी जागे झालेलेच पंप बंद करते, म्हणून वेळेला महत्त्व. सोबत क्लोपिडोग्रेल असेल तर ओमेप्रॅझोल टाळतात, पँटोप्रॅझोल चालतं. ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डजवळच्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ७५ च्या पुढच्या लोकांत होणारे रक्तस्राव ७५ च्या आतल्यांपेक्षा जास्त वेळा अपंग करणारे किंवा जीवघेणे ठरत होते, आणि लेखकांनी या वयात जोडीला अशी गोळी द्यावी असं सुचवलं. मी स्वतः ७५ च्या पुढे अ‍ॅस्पिरिन एकटी लिहीत नाही.

मात्र ही गोळी जठराची आणि त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीची राखण करते, पुढच्या लहान आतड्याची नाही. तिथे आम्ल हा गुन्हेगारच नसतो. पित्तरस, आतड्यातले जंतू आणि पित्तावाटे पुन्हापुन्हा आतड्यात उतरणारं तेच औषध यांचा तो संयुक्त कारभार. गिळायच्या कॅप्सूलमधला कॅमेरा येईपर्यंत आम्हाला तिथलं फारसं दिसतच नव्हतं. २००५ मध्ये तीन महिन्यांहून जास्त काळ या गोळ्या घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांची अशी तपासणी केली, तेव्हा ७१ टक्के लोकांच्या लहान आतड्यात इजा दिसली. गोळ्या न घेणाऱ्यांत १० टक्के. बहुतेक इजा किरकोळ असतात. काहींतून मात्र थेंबथेंब रक्त जात राहतं आणि तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे केलेल्या दोन्ही दुर्बिणींत काहीच सापडत नाही. क्वचित त्या जखमा भरताना आतड्यात पातळ पडदे तयार होतात, मध्ये पेन्सिलीएवढं भोक ठेवून. असा एक रुग्ण माझ्याकडे तीनदा आतडं अडकून आला. त्याची गोळी दहा वर्षं चालू होती, आणि 'पोटासाठी काही घेता का' या प्रश्नाला तो दरवेळी अभिमानाने पित्ताच्या गोळीचं नाव सांगायचा.

मग जठराला सौम्य म्हणून दिली जाणारी सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी का नाही? हा प्रश्न पुढे येणारच. प्रोस्टाग्लँडिन बनवणारी दोन यंत्रं आहेत. त्यातलं सुजेच्या वेळी चालणारंच बंद करायचं, जठराचं चालू ठेवायचं, ही कल्पना सुंदर होती आणि बऱ्याच अंशी खरीही ठरली. जठराचे अल्सर कमी झाले. पण याच जातीचं रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये आलं आणि २००४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यांमुळे बाजारातून मागे घ्यावं लागलं. सेलेकॉक्सिब टिकलं, आजही उपयोगी आहे, विशेषतः आधी अल्सरमधून रक्त गेलेल्या माणसाला दुसरा पर्यायच नसेल तेव्हा. २००७ च्या एका चाचणीत अशा रुग्णांना सेलेकॉक्सिबबरोबर आम्ल कमी करणारी गोळी दिली तेव्हा वर्षभरात एकालाही पुन्हा रक्तस्राव झाला नाही; नुसत्या सेलेकॉक्सिबवर ८.९ टक्क्यांना झाला. तुमच्या आईचं हृदय आणि अ‍ॅस्पिरिन पाहता मी तिकडे सहज वळणार नाही, कारण अ‍ॅस्पिरिन चालू असली की सेलेकॉक्सिबचा जठराला होणारा फायदा बराचसा आटतो. मिसोप्रोस्टॉल म्हणजे हरवलेल्या प्रोस्टाग्लँडिनची कृत्रिम भरपाई. काम करतं, पण जुलाब इतके लावतं की निम्मे लोक दुसऱ्या आठवड्यात ते उशीखाली लपवतात.

आता करायचं काय ते. डायक्लोफिनॅक आजच बंद. अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. पूर्वी झटका आला असेल किंवा स्टेंट असेल तर ती थांबवणं महाग पडतं: अल्सरमधून रक्त गेलेल्या अशाच रुग्णांत अ‍ॅस्पिरिन लगेच पुन्हा सुरू केलेल्यांपैकी आठ आठवड्यांत १.३ टक्के दगावले, न सुरू केलेल्यांत १२.९ टक्के, ही चाचणी २०१० ची. पण आईला हृदयाचा आजार कधी झालेलाच नसेल आणि 'वय झालं म्हणून' ती सुरू केली असेल तर प्रश्न वेगळा. २०१८ मध्ये १९ हजारांहून अधिक निरोगी वयस्करांवरच्या चाचणीत अशा अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव तेवढे वाढले. ती का सुरू झाली होती हे हृदयाच्या डॉक्टरांना सरळ विचारा.

दुर्बीण करून घ्या. घशात सुन्न करणारा फवारा, नळी करंगळीएवढी, वेळ पाच-दहा मिनिटं. त्याच वेळी जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी तुकडा घेतला जाईल. तो जंतू आणि या गोळ्या एकत्र असतील तर अल्सरमधून रक्तस्रावाची शक्यता दोन्ही नसणाऱ्यांच्या सहा पट होते, आणि जंतूवर दोन आठवड्यांचा इलाज आहे. पित्ताची गोळी चालू असताना ही तपासणी खोटी 'नाही' देऊ शकते, तेव्हा गेल्या दोन आठवड्यांत ती कितीदा घेतली ते आधीच सांगा. जठरात व्रण सापडला तर औषधांनी साधारण आठ आठवड्यांत भरतो, पण तो भरला का हे पुन्हा पाहावं लागतं, कारण काही कर्करोग सुरुवातीला साध्या व्रणाचं रूप घेऊन बसलेले असतात.

आणि वरच्या दुर्बिणीत किरकोळ ओरखडे सापडले म्हणून तिथेच थांबू नका. हे मी माझ्या चुकीतून सांगतो. सत्तरीच्या एका बाईंच्या जठरात मला दोन लहान ओरखडे दिसले, गोळ्यांचा इतिहास तर होताच. कारण मिळालं म्हणून मी खूश झालो आणि मोठ्या आतड्याची तपासणी पुढे ढकलली. सात महिन्यांनी रक्त पुन्हा उतरलं तेव्हा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला गाठ निघाली. गोळीवर आळ घेणं सोपं असतं आणि बहुधा बरोबरही असतं, म्हणूनच फसायला होतं. या वयात लोह संपलेलं असेल आणि वर ठोस कारण सापडलं नसेल तर मोठं आतडं पाहायलाच हवं.

तोवर घरी लक्ष ठेवायचं ते असं: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, अचानक सुरू झालेलं आणि न थांबणारं पोटाचं दुखणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात न्या. लोहाने येणारा काळा रंग हिरवट झाक असलेला, घट्ट आणि बिनवासाचा असतो. शंका वाटली तर डॉक्टरांना दाखवा, स्वतः निवाडा करू नका.

गुडघ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. गुडघा दुखत राहिला की बंद केलेली गोळी लपूनछपून परत सुरू होते, हा माझा अनुभव. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर दिवसातून तीन-चार वेळा लावलं तर रक्तात तोंडावाटे घेतलेल्या मात्रेच्या जेमतेम ६ टक्के उतरतं, आणि गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला ते बऱ्यापैकी लागू पडतं. कंबरेला किंवा खुब्याला त्याचा उपयोग नाही, सांधा खोल असतो. पॅरासिटामॉलचा गुण थोडाच येतो, पण जठर सांभाळतं. यकृत ठीक असेल तर दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत, वजन ५० किलोच्या खाली असेल तर त्याहून कमी, तेही डॉक्टरांना विचारून. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि तोच जास्त दिवस टिकतो. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी. एवढ्यानेही भागलं नाही तर सांध्यातलं इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांची चर्चा वेळेवर करावी, दहा वर्षं गोळ्यांवर काढून मग नाही.

तपासणीला जाताना आईची गोळ्यांची पिशवी सोबत न्या. निघण्यापूर्वी पर्सचा आतला कप्पा आणि उशीखालचं पाकीटही त्यात टाका. त्या नाही म्हणाल्या तरी एकदा हात घालून बघा.